जुन्या अवशेषांच्या पहिल्या फोटोंवर इतिहास म्हणून कितपत विश्वास ठेवावा?

भिंत कुठवर उभी होती, कमान कशी होती, एवढ्यापुरता ठेवा. तिथे माणसं होती की नव्हती यासाठी अजिबात नको.

हंपीचंच घ्या. ग्रीनलॉ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने तिथे १८५६ च्या सुमारास कागदी निगेटिव्हवर फोटो काढले, त्याला एक्स्पोजर मिनिटांचं लागायचं, चालता माणूस उमटतच नाही. मग सगळं ओसाड दिसतं.

मला गोव्याचं जास्त टोचतं. माझा मावसभाऊ पणजीत होमस्टे चालवतो, लॉबीत जुन्या गोव्याच्या सेंट ऑगस्टीनचा मोठा जुना फोटो लावलाय, पडक्या चर्चची दर्शनी भिंत, मनोरा आणि भोवती नुसती झाडी, आणि पाहुण्यांना सांगतो की राजधानी पणजीला गेल्यावर इथे चिटपाखरूही नव्हतं. अरे, आपली आजी समोरच्या दिवाडी बेटावरची, तिचे वडील होडीने पलीकडे जाऊन त्याच भागातले माड सांभाळायचे! चतुर्थीला सगळे जमलेलो, मध्ये नेवऱ्यांचं ताट, आणि हा म्हणतो फोटोत माणूस दाखव. मी म्हटलं माणूस राहू दे, झाडं बघ, माड रांगेत आहेत, बुंध्याशी आळी केलीयत, रानात माडांना आळी कोण करतं? मावशीने चहाचं विचारून विषय मोडला.

दुसरं, जे थोडं तरी उभं राहिलं त्याचाच फोटो निघतो. दिवाडीचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच पाडलं, देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेला, तिथलं देऊळ १६६८ साली शिवाजी महाराजांनी बांधून घेतलं. कॅमेरा येईपर्यंत दिवाडीत टिपायला उरलं काय होतं? म्हणून गोव्याचे अवशेष म्हटलं की लोकांना चर्चच आठवतात.

हां, सगळेच माणसं गाळायचे असं नाही, उंची कळावी म्हणून कित्येकांनी मुद्दाम माणूस उभा केलाय, आणि काचेच्या प्लेटा आल्यावर एक्स्पोजर सेकंदांवर आलं. तेव्हा फोटो कुठल्या पद्धतीचा ते आधी बघा.

तारीख लिहिलेली असली तरी तपासा. ऑगस्टीनची दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा १९३१ साली कोसळला, दोन्ही शाबूत दिसले तर फोटो त्याआधीचा. आमच्या मावसभाऊ साहेबांच्या फ्रेमखाली '१९४०' लिहिलंय, वर भिंत अख्खी उभी, आणि मला म्हणतो तुला इतिहास कळत नाही.