क्लाउडमधल्या जावा कंटेनरला घरून व्हिज्युअलव्हीएम का जोडलं जात नाही?

९०१० पोर्ट उघडला तरी व्हिज्युअलव्हीएम (चालू जावा प्रोग्रॅमची मेमरी वगैरे आलेखात दाखवणारं साधन) नुसतंच फिरत राहतं, शिवाय पॉड (कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिसमध्ये कंटेनर ज्यात राहतो तो डबा) दिवसातून एक-दोनदा मरतो आणि लॉग कोरा, असं तुम्ही लिहिलंय. या दोन वेगळ्या भानगडी आहेत.

पहिली सोपी. व्हिज्युअलव्हीएम ज्या मार्गाने दूरच्या जावाशी बोलतं, त्या जेएमएक्सचं एका पोर्टवर भागत नाही. ९०१० वर फक्त चौकशीची खिडकी असते. ती 'अमुक पत्त्यावर, तमुक पोर्टवर जा' एवढंच सांगते. तो दुसरा पोर्ट जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारं इंजिन) दर वेळी मनाला येईल तो घेते आणि पत्ता सांगते पॉडचा आतला. तुमचा लॅपटॉप तिथे पोचणार कसा? म्हणून 'जेएमएक्सरिमोट डॉट पोर्ट' आणि 'जेएमएक्सरिमोट डॉट आरएमआय डॉट पोर्ट' दोन्ही ९०१० ठेवा, आरएमआयचं (जेएमएक्स ज्यावरून जोडलं जातं त्याचं) होस्टनेम १२७.०.०.१ द्या आणि कुबरनेटिसचं पोर्ट-फॉरवर्ड (लॅपटॉपचा पोर्ट थेट पॉडला जोडणारी सोय) लावा. लॅपटॉपच्या बाजूलाही ९०१० च; तिथे ९०११ घेतलात की परत तेच रडगाणं. हा पोर्ट लोड बॅलन्सरमधून बाहेर काढायचा मोह मात्र टाळा. बिनपासवर्डच्या जेएमएक्समधून परका माणूस नुसते आलेख बघत नाही, तुमच्या जेव्हीएममध्ये स्वतःचा कोडही चालवू शकतो.

आता मरणारा पॉड. 'डिस्क्राइब पॉड' करून एक्झिट कोड बघा. १३७ असेल (१२८ अधिक सिग्नल ९) आणि कारण 'ओओएमकिल्ड' दिसत असेल, तर मेमरीची मर्यादा ओलांडली म्हणून लिनक्स कर्नलनेच त्याला मारलंय. जेव्हीएमला 'आउट ऑफ मेमरी' लिहायचीही सवड मिळत नाही, म्हणून लॉग कोरा.

आमच्याकडे हेच झालं होतं. पॉडला १ जीबी मेमरी, त्यात हीप (जावाच्या ऑब्जेक्टची जागा) ७०० एमबी. हीपचा आलेख इतका शांत की आम्ही दोन दिवस दुसऱ्याच टीमवर संशय घेत बसलो. शेवटी हीपबाहेरच्या मेमरीचीही नोंद ठेवणारं नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग चालू केलं (त्याने वेग ५ ते १० टक्के कमी होऊ शकतो, कायम ठेवू नका) आणि पॉडमध्ये शिरून जेसीएमडी या जावाच्या कमांडने हिशेब मागितला. 'अदर' नावाची ओळ दर तासाला फुगत होती: नेटी या नेटवर्क लायब्ररीचे डायरेक्ट बफर, म्हणजे हीपच्या बाहेर घेतलेली मेमरी. त्यांना वेगळी मर्यादा दिली नाही तर ती हीपच्या कमाल आकाराएवढीच धरली जाते. म्हणजे १ जीबीच्या खोलीत ७०० चे दोन पाहुणे! हीप ५० टक्क्यांवर आणलं, बफरला २०० एमबीची मर्यादा घातली, तेव्हा ते थांबलं.

थोडक्यात, तुमचं व्हिज्युअलव्हीएम जोडलं गेलं तरी त्याच्या हीपच्या आलेखात हे दिसणार नाही. आधी जेसीएमडीचा हिशेब काढा. कंटेनरमध्ये जावाचा प्रोसेस नंबर बहुधा १ असतो. 'कमांड सापडत नाही' असं आलं तर इमेज नुसती जेआरईची (फक्त जावा चालवण्यापुरती) आहे. बेस इमेज जेडीकेची (अशी साधनंही असलेली) घ्या.