गीझर की कार? पडवीतला चेंजओव्हर स्विच

तुम्ही विचारलंय, की घर दापोलीजवळ आहे, मंजूर भार (वीज कंपनीने ठरवून दिलेली मर्यादा) ५ किलोवॅट, तर एका वेळी गीझर नाहीतर इलेक्ट्रिक कारचं चार्जिंग, असा स्विच पडवीत स्वतः बसवला तर चालेल का?

मी या पट्ट्यात वायरिंगची कामं करतो. तुमची कल्पना बरोबर आहे, फक्त जोडणी स्वतः करू नका. कारची घरगुती केबल साधारण १५ अँपिअर ओढते, म्हणजे ३.३ किलोवॅट. त्यात २ किलोवॅटचा गीझर आणि विहिरीचा पंप आला की भार ओलांडलाच. फक्त स्विच तयार मिळतो तोच घ्या: डबल पोल चेंजओव्हर, ३२ अँपिअरचा, मध्ये ‘बंद’ असलेला. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तुटायला हवेत. फिरवण्याआधी कारमधून चार्जिंग थांबवा.

मला काळजी स्विचपेक्षा जोडांची वाटते. गीझर थोड्या वेळात बंद होतो, कार सात-आठ तास सलग ओढते. माझ्याच पडवीतला सॉकेट दुसऱ्या पावसाळ्यानंतर तपकिरी पडला. उघडून बघतो तर पितळी टर्मिनलवर खाऱ्या हवेचा हिरवट थर आणि स्क्रू अर्धा फेरा सैल. अशा जोडाचा रोध ०.१ ओहम झाला, तरी १५ अँपिअरला तिथे २२ वॅट उष्णता होते. भिंतीत रात्रभर सोल्डरिंग आयर्न चालू ठेवण्यासारखंच हे. म्हणून बोर्डापासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढा, मधे कुठेही जोड नको, टोकांना लग (धातूची टोपी) दाबून घट्ट बसवा. एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) कारच्या पुस्तिकेत दिलाय तोच. सोबत ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. पेटी झाकणाची, पावसाची झड लागणार नाही अशा जागी. दर दिवाळीआधी मेन बंद करून सगळे स्क्रू आवळून घ्या.

आता अर्थिंग. आपल्या जांभ्यात पाणी टिकत नाही. पावसाळ्यात मोजलेलं अर्थिंग उत्तम दिसतं आणि मे महिन्यात तोच अर्थिंगचा खड्डा कोरडा ठक्क. मग कार चार्जिंग नाकारते, आणि कोणीतरी सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडून ‘चालू करून’ देतो. हे कुणालाही, कधीही करू देऊ नका! लाइनवर माडाची झावळी पडून न्यूट्रल तुटला, की कारचा पत्रा २३० व्होल्टवर येतो आणि कुणाचा हात लागेपर्यंत आरसीसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यापेक्षा दुसरा खड्डा खणा, इलेक्ट्रोडभोवती (जमिनीत पुरलेल्या धातूच्या कांबीभोवती) बेंटोनाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारी माती, भरा, उन्हाळ्यात पाणी घाला.

जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. त्याला अर्थ टेस्टर, म्हणजे अर्थिंगचा रोध मोजायचं यंत्र, घेऊनच यायला सांगा. आकडा ५ ओहमच्या वर आला तर सॉकेट सुरू करू नका. खड्डा किती खोल आहे आणि घरापासून किती लांब, ते इथे लिहा, मग पुढचं सांगतो.