मका किती बारीक भरडावा?

वाढत्या डुकरांच्या खाद्याबद्दल नाशिक जिल्ह्यातून आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : ३० ते ६० किलो वजनाची चाळीस डुकरे आहेत. मका जाडसर भरडून घालतो. विष्ठेत पिवळे तुकडे दिसतात. खाद्य वाया जाते का?
– एक वाचक, येवला तालुका

उत्तर : जाते, आणि डोळ्यांना दिसते त्यापेक्षा जास्त जाते. डुक्कर चावते कमी, गिळते जास्त. दाणा फोडायचे काम दातांवर सोपवले, तर ते अर्धवटच होते. मक्यातले पिष्ट टणक सालाच्या आत, प्रथिनांच्या जाळीत घट्ट बसलेले असते. स्वादुपिंडातून येणारे अमायलेज, म्हणजे पिष्ट पचवणारे विकर, तुकड्याच्या फक्त पृष्ठभागावर काम करते. लहान आतड्यातून खाद्य काही तासांतच पुढे सरकते. तेवढ्या वेळात जाड तुकड्याच्या गाभ्यापर्यंत अमायलेज पोचत नाही.

उरलेले पिष्ट मोठ्या आतड्यात जाते. तिथले जिवाणू ते आंबवतात. त्यातूनही डुकराला ऊर्जा मिळते, पण काही वाटा वायू आणि उष्णतेत जातो. म्हणजे विष्ठेत तुकडे दिसले नाहीत, तरी जाड भरड्याचे नुकसान होतच असते.

वाढत्या डुकरांच्या कोरड्या, गोळी न केलेल्या खाद्यात कणांचा सरासरी आकार ६०० ते ७०० मायक्रॉन, म्हणजे ०.६ ते ०.७ मिमी ठेवावा. भरडा हाताला जाड रव्यासारखा लागला पाहिजे. लापशीच्या रव्यासारखा लागला तर अजून जाड आहे. आकार १०० मायक्रॉनने घटला की तेवढ्याच वजनवाढीला लागणारे खाद्य सुमारे १ टक्क्याने कमी होते. हिशोब करून पाहा. ३० किलोचे डुक्कर ९० किलोचे व्हायला, १ किलो वाढीला ३ किलो खाद्य धरले तर १८० किलो लागते. भरडा १००० मायक्रॉनवरून ६५० वर आणला, तर डुकरामागे सहा-सात किलो वाचतात. चाळीस डुकरांचे अडीच क्विंटल झाले.

हॅमर मिलला (फिरत्या हातोड्यांनी दाणा फोडणाऱ्या गिरणीला) ३ मिमी भोकांची जाळी लावली की मक्याचा भरडा साधारण याच आकाराचा येतो. नक्की आकार मिलच्या वेगावरही ठरतो. जाळी तीच असूनही भरडा बिघडला, तर आधी हॅमर पाहा. त्यांची पुढची कड गोल झाली की दाणा नीट फुटत नाही, घासला जातो. मग अर्धे पीठ आणि अर्धे तुकडे पडतात, भरडा गरम येतो, वीजही जास्त जाते. हॅमर उलटून दुसरी कड वापरता येते. बदलायचे झाल्यास पूर्ण संच बदलावा. एखादाच नवा घातला तर तोल जातो आणि मिल थरथरते. जाळीला चीर गेली असेल तर अख्खे दाणेच खाली येतात. तुमच्या विष्ठेतल्या तुकड्यांचे मूळ तिथेही असू शकते.

प्रश्न : खाद्य वाया जाऊ नये म्हणून आम्ही मका पिठाच्या गिरणीवर अगदी बारीक दळून आणू लागलो. सुरुवातीला वाढ चांगली दिसली. नंतर काही डुकरे फिकट पडली, एकाची विष्ठा डांबरासारखी काळी झाली आणि ते अचानक मेले. पिठाचा संबंध आहे का?
– एक वाचक, सिन्नर तालुका

उत्तर : ही लक्षणे जठरातल्या व्रणाची असू शकतात, आणि पिठाइतके बारीक खाद्य हे त्याचे एक ठळक कारण आहे. अन्ननलिका जठराला मिळते तिथल्या छोट्या भागाला श्लेष्माचे संरक्षण नसते. भरडा दाणेदार असेल तर जठरातला घास घट्ट राहतो आणि आम्ल खालच्या भागात राहते. पीठ खाल्ले की आतला ऐवज पातळ होतो, सगळा ढवळला जातो आणि आम्ल व पेप्सिन (प्रथिने पचवणारे विकर) वर त्या उघड्या भागापर्यंत पोचतात. आधी तिथली त्वचा जाड व खडबडीत होते, मग चिरते, मग रक्त वाहू लागते. आतला रक्तस्राव मोठा असेल तर काल खाणारे डुक्कर आज मेलेले सापडते.

भरडा लगेच ६५० ते ७०० मायक्रॉनवर आणा. गव्हाचा जाड कोंडा मिसळा आणि गोठ्यात गव्हाचे काड टाका. ते चघळले जाते, त्याचा फायदा होतो. खाद्यात खंड पाडू नका. एक वेळ चुकवून दुसऱ्या वेळी भरपूर घालणे, पाणी तुटणे, एप्रिल-मेचा उकाडा, यांनीही व्रण बळावतो. पीठ पाण्यात कालवून दिल्याने धूळ थांबते, व्रण थांबत नाही. हा गैरसमज बऱ्याच ठिकाणी दिसतो.

मेलेल्या डुकराचे शवविच्छेदन मात्र पशुवैद्यकाकडून करून घ्या. एकाच वेळी बरीच जनावरे आजारी पडली आणि ताप असेल, तर व्रण समजून बसू नका. स्वाइन फीवरची (डुकरांच्या जीवघेण्या संसर्गजन्य तापाची) शक्यता धरून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा आणि जनावरे विकू नका.

प्रश्न : भरडा योग्य आहे हे घरी कसे तपासायचे?
– एक वाचक, चांदवड तालुका

उत्तर : मुठीत घेऊन होणारा अंदाज फसवतो, कारण बारीक पीठ जाड कणांना चिकटून बसते. २ मिमी, १ मिमी आणि ०.५ मिमीच्या तीन चाळण्या आणि ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या. गोणीच्या वरून, मधून आणि तळातून थोडा थोडा भरडा काढून नीट मिसळा आणि त्यातला १०० ग्रॅम मोजा. चाळण्या एकावर एक ठेवून दहा मिनिटे हलवा. मग वजन करा.

२ मिमीवर ८ ग्रॅमपेक्षा जास्त राहू नये. २ आणि १ मिमीच्या चाळण्यांवर मिळून २५ ते ३० ग्रॅम ठीक. ०.५ मिमीतून साधारण एक तृतीयांश खाली पडायला हवे. निम्म्याहून जास्त पडले तर सरासरी ५०० मायक्रॉनच्या खाली गेली, म्हणजे पीठच झाले. वरही बरेच आणि खालीही बरेच असे निघाले, तर जाळीपेक्षा हॅमरकडे लक्ष द्या. जाळी बदलली, नवीन मका आला किंवा मिल दुरुस्त झाली की पुन्हा तपासा.

प्रश्न : मक्यात बाजरी मिसळून भरडली तर चालते का? आणि एकदम किती दिवसांचे भरडावे?
– एक वाचक, मालेगाव तालुका

उत्तर : बाजरी वेगळी भरडा. तिचा दाणा इतका लहान की ३ मिमीच्या जाळीतून बराच अख्खा निसटतो आणि तसाच विष्ठेत येतो. तिला २ मिमी किंवा त्याहून बारीक जाळी लावा.

आठ-दहा दिवसांपुरतेच भरडावे, पावसाळ्यात त्याहून कमी. दाणा फुटला की अंकुरातले तेल हवेला लागते आणि भरडा खवट होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरला लासलगाव-येवल्याच्या बाजारात येणारा नवा मका बऱ्याचदा ओला असतो. तो १२ ते १३ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवूनच मिलमध्ये घाला. ओला दाणा जाळीत दाटतो, भरडा असमान पडतो आणि गोणीत बुरशी धरते. बुरशी लागलेला मका भरडल्याने अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचे विष, कमी होत नाही. उलट सगळ्या खाद्यात सारखे मिसळते. असा मका बाजूला काढा.