बॉबी राजदूतचं गिअरिंग मूळचं आहे का बदललेलं हे कसं ओळखायचं? ५५ च्या वर गाडी जात नाही, पुढचं सॉकेट (इंजिनकडचं चेनचं दातेरी चाक) मोठं टाकू का?

नका टाकू.

आता सविस्तर. तुम्ही लिहिलंय की धुळ्याहून बॉबी, म्हणजे राजदूत जीटीएस १७५ घेतली, ५५ ला इंजिन बोंबलतं आणि मेकॅनिक म्हणतो पुढे दोन दात वाढवू. हे दोन दात वाढवायचं प्रकरण आमच्या घरात तीस वर्षं चाललंय म्हणून लिहायला बसलो, नाहीतर मी इथे नुसता वाचून जातो.

१९७३ च्या त्या सिनेमामुळे गाडीला बॉबी नाव पडलं, पण इंजिन दूधवाल्यांच्या राजदूतचंच, १७५ म्हणायचं आणि असायचं १७३ सीसी, टू स्ट्रोक, तीन गिअर. आमची बॉबी आप्पांनी अमळनेरला एका मास्तरांकडून घेतली तेव्हाच तिचे टायर मूळचे नव्हते. दादाचं नवीन लग्न झालेलं, सासरवाड कन्नडची. जावई बॉबीवर जाणार, आणि जावयाची गाडी ५५ ला अडकते म्हणजे काय! एका भंगारवाल्याकडून त्याने १६ दाती सॉकेट आणलं, लेथवर भोक वाढवून घेतलं आणि १४ चं काढून ते बसवलं. मी तेव्हा अकरावीत, म्हटलं दादा घाट आहे मधे. तर म्हणे तुला काय कळतं.

चाळीसगावपर्यंत खरंच मस्त पळाली, खोटं कशाला बोलू. ६५ च्या आसपास असेल, दादा वाऱ्यात गाणं म्हणत होता. मग कन्नडचा घाट लागला. दोघं जण, पुढे टाकीवर सासूबाईंसाठी केळीची फणी बांधलेली. तिसरा गेला, दुसऱ्यात गाडी धापा टाकायला लागली. आता पहिला टाकून गुपचूप चढायचं की नाही? पण पहिल्यात इंजिन ओरडतं, मागून एसटी येते, खिडकीतून माणसं बघतात, जावयाची इज्जत जाते. म्हणून हा दुसऱ्यातच हाफ क्लचवर रेटत राहिला. तिसऱ्या वळणाला जळक्या बुचासारखा वास यायला लागला. "खाले उतर रे भो," दादा म्हणाला. मी उतरलो, मग तोही उतरला. पुढचा घाट मी मागून ढकलत आणि तो हँडल धरून, केळीची फणी माझ्या गळ्यात. कन्नडला पोचलो ते शेंगांच्या पोत्यांच्या टेम्पोत, बॉबी आडवी पडलेली आणि सासरे दारात पंचा घेऊन उभे.

दादा आजही म्हणतो क्लचप्लेटी जुन्या होत्या. मी म्हणतो सॉकेट.

तर ओळखायचं कसं. मागच्या चकतीचे आणि पुढच्या सॉकेटचे दात मोजा, पहिल्या दाताला खडू लावा, नाहीतर तीनदा मोजून तीन आकडे येतात. पण नुसत्या दातांवरून पूर्ण कळत नाही, आतल्या गिअरांचं काय? त्याला इंजिन उघडायची गरज नाही. गाडी स्टँडवर, मागचं चाक अधांतरी, प्लग काढून ठेवा, टॉप गिअर टाका, प्लगच्या भोकात शीतपेयाची प्लास्टिकची नळी सोडा (लोखंडी तार नको, पिस्टन खरवडेल). चाकाला खडूची खूण करून हळूहळू बरोबर दहा फेरे फिरवा आणि नळी किती वेळा वर येते ते दुसऱ्याला मोजायला सांगा. आमच्याकडे १४ दाती असताना ७० वेळा आली, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे ७. १६ दातीवर ६१ आणि थोडी. मग टायरला खडू लावून, तुम्ही स्वतः गाडीवर बसून, जमिनीवर एका फेऱ्यात किती अंतर जातं ते मापा. आमचं १ मीटर ३४ सेंमी होतं. आता ५००० आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) धरा, भागिले ७, गुणिले १.३४, गुणिले ६०, भागिले १०००. ताशी ५७ किलोमीटर येतं. १६ दातीचं ६५ च्या वर. हा हिशोब आप्पांनी मला करायला लावला, दादासमोर, लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवलेलं जुनं १४ दाती उचलून आणून. मग दादाकडे बघून एवढंच, "याले म्हनतस शहाणपन."

तुमचा आकडा आमच्यासारखाच ५७ च्या आसपास आला तर ५५ ला बोंबलणं हे गाडीचं दुखणं नाही, तो तिचा स्वभाव आहे. लहान चाकाची गाडी ती, पिकपसाठीच आहे. हा वेगाचा आकडा ७० आला आणि तरी गाडी ५५ ला अडकते, तर मग सॉकेटचा दोषच नाही, सायलेन्सर काढून बघा. टू स्ट्रोकच्या सायलेन्सरात आणि एक्झॉस्ट पोर्टवर कार्बन साचतो, गाडी दमेकऱ्यासारखी होते. आधी तो साफ करा, क्लच घसरतोय का बघा, मग सॉकेटाचं बोला. मेकॅनिक हे सांगणार नाही कारण कार्बन खरवडायला अर्धा दिवस जातो आणि सॉकेट बदलायला अर्धा तास.

बदलायचंच असेल तर एकच दात. पुढचा एक दात म्हणजे १४ वर सात टक्के, तेवढ्यासाठी मागे ४० ची चकती असेल तर तीन दात कमी करावे लागतात. आणि चेन कोणती आहे ते बघा, दहा कड्या पिनेच्या मध्यापासून मध्यापर्यंत १२७ मिमी भरल्या तर अर्ध्या इंचाची, पण ४२० आणि ४२८ दोन्ही अर्ध्या इंचाच्याच असतात, फरक आतल्या रुंदीत, पावणेआठ-आठ मिमी म्हणजे ४२८, सव्वासहाच्या आसपास म्हणजे ४२०. ४२० चं पातळ सॉकेट ४२८ च्या चेनमधे डुलत राहतं, भंगारातलं घ्याल तर हे आधी मापा. मोठं सॉकेट कव्हरला घासतं का तेही.

जळगावातल्या जळगावात फिरणार असाल, घाट नाही, एकटेच बसणार, तर एक दात वाढवला तरी चालेल हो, अगदी पाप नाही. ब्रेक मात्र त्याच जुन्या ड्रमचे आहेत हे लक्षात ठेवा. आणि क्लचप्लेटी जुन्या होत्या हेही खरं, मी ते दादासमोर कधी कबूल केलेलं नाही.

चेनलॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला ठेवा. दादाने तेही उलटं बसवलं होतं.