पूल झाला, आता नावेचं काय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

घाटावरच्या जुन्या प्रवासी नावा पर्यटनासाठी पुन्हा पाण्यात उतरवता येतील, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं वैनगंगेच्या काठची आहेत, काही थेट सिरोंच्याहून आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या घाटावर बैलगाडीसकट माणसं पार नेणारी सागवानी नाव होती. पूल झाला आणि ती काठावर पालथी पडली. आमच्या ढिवर समाजाच्या मासेमारी संस्थेला ती दुरुस्त करून पाहुण्यांसाठी चालवायची आहे. मिस्त्री दोन-तीन लाख सांगतो. गावात वर्गणी मागितली तर लोक म्हणतात, पूल असताना नाव कशाला? (पवनी तालुका)

आधी नावेवर सावली करा. उन्हात लाकूड आकसतं, फळ्यांचे सांधे उघडतात, टोकाला चिरा जातात. काठावर काढलेल्या प्रत्येक उन्हाळ्यागणिक मिस्त्रीचा आकडा वाढत जाणार. बांबूचा मांडव आणि ओली पोती, एवढी पहिली वर्गणी कोणीही देईल.

मग एकत्र बसून ठरवा : नाव नुसती मांडून ठेवायची की चालवायची? माझं मत विचाराल तर चालवा. चौथऱ्यावर ठेवलेल्या नावेला लोक एकदाच पैसे देतात, पुढे तिला वाळवी लागते. चालती नाव दर वर्षी थोडं कमावते आणि दर वर्षी थोडं मागते, त्यामुळे माणसं तिच्याशी जोडलेली राहतात. स्कॉटलंडमधली ‘वेव्हर्ली’ ही १९४६ साली पाण्यात उतरलेली चाकाची आगबोट. कंपनीला ती परवडेना, तेव्हा १९७४ मध्ये तिने ती हौशी मंडळींच्या संस्थेला एका पौंडाला देऊन टाकली. लोकांनी ती प्रवाशांसकट पुन्हा समुद्रात चालवली. २०१९ मध्ये बॉयलरने दगा दिला आणि अख्खा हंगाम बुडाला. संस्थेने २३ लाख पौंडांचं आवाहन केलं, पैसे जमले, पुढच्याच वर्षी बोट परत निघाली. ‘वारसा वाचवा’ ही हाक तर सगळेच देतात. इथे बॉयलर कुठला, किती किमतीचा आणि तो बसला नाही तर काय बंद पडेल, हे सगळं लोकांसमोर होतं.

तुम्हीही मिस्त्रीकडून खर्चाची फोड करून घ्या : तळाच्या फळ्या किती, बाजूच्या किती, खिळे किती किलो, फटीत ठोकायची सुतळी, डांबर, वल्ही, मजुरी. मग पावती ‘नाव दुरुस्ती निधी’ अशी न फाडता ‘उजवी बाजू, तिसरी फळी’ अशी फाडा. नावेचं चित्र मोठ्या कागदावर काढून ग्रामपंचायतीच्या भिंतीला लावा आणि मिळालेली फळी रंगवत जा. अर्धवट रंगवलेली नाव समोर दिसली की माणूस बाकीच्या फळ्या मोजू लागतो.

मागायचं कोणाकडे? पुलावरून मोटरसायकल नेणाऱ्या पोरांना सध्या सोडा. त्या नावेतून लग्न होऊन तुमच्या गावात आलेल्या बाया आज पन्नाशी-साठीच्या असतील. वऱ्हाड कुठे उतरलं, पाणी किती होतं, कोणाची पेटी भिजली, हे त्यांना बरोबर आठवतं. त्यांना आधी बोलतं करा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. त्यांची मुलं पुण्या-नागपूरला नोकरीला आहेत, पैसे तिथून येतील. आणि मागायची वेळ म्हणजे दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा. लेकी-जावई, बाहेरगावचे सगळे तेव्हा गावात असतात. नाहीतरी रात्री झाडीपट्टीचं नाटक ठेवताच. एका प्रयोगाची शिल्लक नावेला जाईल असं तिकिटावरच छापा, आणि पडदा उघडण्याआधी दोन मिनिटं त्या बायांपैकी एकीला माइक द्या. पुढाऱ्यांची भाषणं मात्र ठेवू नका. नाटकाला आलेली माणसं वैतागतात.

प्रश्न : पावतीपुस्तक छापलं तर चालेल का? ‘८०जी’ची आयकर सवलत असल्याशिवाय कोणी पैसे देत नाही, असं आमचे सीए म्हणतात. (ब्रह्मपुरी)

नोंदणीकृत न्यास नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाकडे जावं लागतं. गणेश मंडळं दर वर्षी हेच करतात, त्यांच्यातल्या कोणाला सोबत घ्या. पण नाव वर्षानुवर्षं चालवायची असेल तर न्यास नोंदवलेलाच बरा.

आयकर सवलतीवर फार विसंबू नका. नवी कररचना निवडलेल्या पगारदाराला देणगीची वजावट मिळतच नाही, आणि हल्ली बहुतेक नोकरदार तिकडेच आहेत. जुन्या रचनेतही २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. नोंदणी करा, पण ती मुख्यतः कंपन्यांसाठी. गावचा माणूस सवलत पाहून देत नाही.

अमेरिकेतल्या भाच्याचे पैसे घ्यावेत का, असंही याच पत्रात विचारलं आहे. भाच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. तो तिथला नागरिक झाला असेल, तर परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी असल्याशिवाय रुपयाही घेऊ नका.

प्रश्न : खाणकंपन्यांना सीएसआरसाठी (कंपन्यांनी करायच्या सामाजिक खर्चातून मदतीसाठी) पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही. (तुमसर तालुका)

पत्राची प्रत तुम्ही जोडलीत ते बरं झालं. पहिल्या पानभर वैनगंगेचं महात्म्य आहे आणि रक्कम शेवटच्या ओळीत, तीही ‘यथाशक्ती’. कंपनीतला अधिकारी ते पत्र कुठल्या रकान्यात टाकणार?

कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कामांची यादी आहे. वारशाची नोंद त्यात आहे, पण तिथे ऐतिहासिक इमारती, स्थळं आणि कलाकृतींचा उल्लेख आहे. लाकडी नाव त्यात बसवताना अधिकाऱ्याला घाम फुटतो. त्याच यादीत उपजीविका वाढवणारे प्रकल्पही आहेत. तुमच्या संस्थेतली दहा-बारा तरुण मुलं नाव चालवायला, जीवरक्षणाला आणि पाहुण्यांना माहिती सांगायला शिकणार असतील, तर अर्ज तसा करा. नाव म्हणजे त्या प्रशिक्षणाचं साधन. खोटं काहीच नाही, खरं तर हेच जास्त खरं आहे.

शिवाय कंपनी परस्पर तुमच्या हाती पैसे देऊ शकत नाही. काम करणाऱ्या संस्थेला आयकराच्या नोंदण्या, सीएसआर नोंदणी क्रमांक आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. तुमचा न्यास नवा असेल तर जिल्ह्यातल्या जुन्या संस्थेमार्फत जा. आणि खाणीच्या जवळच्या गावांनी आधी मागावं, कारण आपल्या परिसराला प्राधान्य द्या असं कायदाच कंपनीला सांगतो. तुम्ही तुमसर तालुक्यातले, मॅंगनीजच्या खाणी दाराशी आहेत. मुंबईला पत्रं कशाला पाठवता?

सरकारी वाट वेगळी आहे. जिल्हा नियोजन समितीकडून ‘क’ वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा मिळाला की घाटाच्या पायऱ्या, स्वच्छतागृह, पथदिवे यांना निधी मागता येतो. ग्रामसभेचा ठराव आजच करून ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे सांगतात की इंग्रजांच्या काळी सिरोंच्याला मोठं आगबोटीचं बंदर होतं, राणीच्या बोटी यायच्या. घाटावर तसा फलक लावून एक नाव चालवली तर आकर्षण होईल का? (सिरोंचा तालुका, शिक्षक)

सर, राणीच्या बोटी फलकावर नकोत. खरी हकीकत त्याहून भारी आहे.

१८६० च्या दशकात इंग्रज सरकारने वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्यातला कापूस नदीमार्गे पूर्व किनाऱ्यावर न्यायचा घाट घातला. वर्धेतून प्राणहितेत, तिथून गोदावरीत आणि गोदावरीतून समुद्राकडे. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात बंधारे-कालवे बांधणारे सर आर्थर कॉटन या योजनेचे खंदे पुरस्कर्ते. अमेरिकेत यादवी (१८६१ ते १८६५) पेटली, मँचेस्टरला तिथला कापूस मिळेना, म्हणून घाई आणखी वाढली. सिरोंचा तर अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्यालयच झालं. अडचण होती नदीतल्या खडकाळ पट्ट्यांची. असे तीन मोठे अडसर होते, त्यातला तिसरा तुमच्याच बाजूला, प्राणहितेवर देवलमरीजवळ. ते टाळायला बंधारे, कालवे, नावा चढवण्या-उतरवण्याचे दरवाजे बांधायला घेतले. तेवढ्यात १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. कापूस मुंबईकडे वळला आणि १८७१ मध्ये नदीचं काम थांबवलं.

एवढं फलकावर लिहा. ‘रेल्वेने नदीला हरवलं ती जागा’ असं वाचून थांबणार नाही असा प्रवासी मला दाखवा. नाव जुन्या पद्धतीने बांधलेली पण नवी असेल तर तसंच सांगा. एकदा खोटं पकडलं गेलं की खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही, आणि हल्ली पकडणारा माणूस नावेत बसूनच फोनवर शोधतो.

फलक मराठीत आणि तेलुगूत हवा. तुमचे पाहुणे नागपूरहून कमी आणि पलीकडच्या तेलंगणातून जास्त येणार. कालेश्वर समोरच आहे, संगमावर स्नानाला येणारे भाविक आहेत. प्राणहितेचा पुष्कर, म्हणजे बारा वर्षांनी येणारा नदीस्नानाचा मेळा, २०२२ मध्ये झाला, गोदावरीचा २०२७ मध्ये आहे. तो पावसाळ्याच्या तोंडावर येतो, तेव्हा पाण्यात नाव काढायचा विचारही करू नका. काठावर मंडप टाका, नकाशा लावा आणि हिवाळ्यातल्या फेऱ्यांची नावनोंदणी तिथेच घ्या.

प्रश्न : परवानगी कोणाची? (तीन पत्रं)

अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ आहे. इंजिन लावलंत की तपासणी, नोंदणी, चालकाचं प्रमाणपत्र, सगळं आलं. वल्ह्याच्या नावेलाही स्थानिक नोंद लागते. म्हणून सुरुवात वल्ह्याने करा, ऐकायलाही छान वाटतं. गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यात किंवा कुठल्याही जलाशयात जायचं तर जलसंपदा विभागाची लेखी परवानगी लागेल. प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट, लहान मुलांच्या मापाचीही, आणि विमा. हे नसेल तर वर्गणीही मागू नका.

प्रश्न : तिकीट ५० रुपये ठेवलं तर जास्त लोक येतील ना? (कुही तालुका)

येतील आणि नाव बुडेल, पाण्यात नाही, हिशेबात. धरून चला की डांबर, दुरुस्ती, विमा, जॅकेट मिळून वर्षाला दोन लाख लागतात आणि पावसाळा व रिकामे वार सोडून १०० दिवस नाव चालते. म्हणजे एकही माणूस बसण्याआधी दिवसाला २,००० रुपये. चार वल्हेकऱ्यांची मजुरी आणखी २,०००. दिवसभरात ३० माणसं बसली तर माणशी १३० रुपयांच्या वर खर्चच झाला.

१५० ते २०० ठेवा आणि नावेसोबत जेवण द्या. वैनगंगेवरचा आंभोऱ्याचा पूल पाहायला येणारा नागपूरकर पुलावरच्या गॅलरीतून फोटो काढतो आणि भुकेला परत जातो. महिला बचत गटाने तांदळाची भाकर, नदीचे झिंगे आणि भात दिला, तर नावेपेक्षा ताटावर जास्त सुटेल. मधल्या वारी शाळांच्या सहली अर्ध्या दरात घ्या. गावकऱ्यांकडून, निदान महाशिवरात्रीला आणि कार्तिक पौर्णिमेला, पैसे घेऊ नका. गाव रुसलं तर घाटावर गाडी लावायलाही जागा मिळत नाही.

प्रश्न : एका यूट्यूबरने व्हिडिओसाठी २० हजार मागितले. द्यावे का?

नको. फुकट फेरी आणि झिंगे द्या, आला तर आला. त्या पैशांत मुख्य रस्त्याच्या वळणावर मोठा फलक उभा करा, रात्री दिसेल असा. गूगल मॅपवर घाटाची खूण नेमकी जागी लावा, नाहीतर लोक पुलाखालच्या शेतात घुसतात. फलकावर जो फोन नंबर द्याल तो शनिवारी सकाळी उचलणारा माणूस आजच ठरवा. सरपंचांचा नंबर टाकू नका, ते मिटिंगला असतात.