देवगिरीचा किल्ला कोणाकोणाच्या ताब्यात होता?

यादी लांब आहे, आणि गंमत म्हणजे हा किल्ला थेट हल्ल्याने क्वचितच पडला. बहुतेक वेळा उपासमार, तह नाहीतर फितुरी.

बाराव्या शतकाच्या शेवटी यादव राजा भिल्लम पाचवा याने इथे राजधानी केली. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजी आला. यादव राजा रामदेवराय वेढ्यात अडकला, आणि घाईत वर नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, असं सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण खंडणी मात्र जबर द्यावी लागली. पुढे यादव संपले. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास दिल्लीहून राजधानी इथे आणली, नाव ठेवलं दौलताबाद. तो प्रयोग फसला, नाव टिकलं.

मग 1347 पासून बहमनी (चांद मिनार त्यांचाच), त्यानंतर अहमदनगरची निजामशाही, 1633 मध्ये मुघल. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह याला औरंगजेबाने इथल्याच चिनी महालात कैदेत ठेवलं. पुढे हैदराबादचा निजाम. मध्ये 1760 च्या उदगीरच्या लढाईनंतर काही काळ मराठे, पुन्हा निजाम, थेट 1948 पर्यंत.

गेलात तर 'अंधारी' चुकवू नका. कातळात खोदलेला वळणावळणाचा काळोखा बोगदा, वर लोखंडी झाकण. शत्रू आत शिरला की तिथे जाळ करून धूर सोडायचा. खाली उभे कडे तासलेला खंदक. वटवाघळांचा वास सोसावा लागतो, टॉर्च न्याच.