सासऱ्यांचा शब्द आणि तुमचे 18 लाख

कोल्हापूरहून एका ताईंनी विचारलंय: "सासरे म्हणतात, बंगल्यावर वरचा मजला तुम्ही बांधा, तो तुमचाच. त्यासाठी माझी 18 लाखांची एफडी मोडू का? धाकटे दीर आणि नणंद आहेत."

ताई, आत्ता मोडू नका. सासऱ्यांच्या मनात खोट असेल असं मला वाटत नाही, पण कागद होईपर्यंत एफडीला हात लावू नका.

1872 च्या करार कायद्याचं कलम 25 सांगतं, की मोबदल्याशिवाय दिलेलं वचन सहसा करार ठरत नाही. जवळच्या नात्यात मायेपोटी दिलेलं वचन टिकायचं तर ते लेखी आणि नोंदणी केलेलं हवं. तुमची बाजू थोडी बळकट आहे, कारण सासऱ्यांच्या सांगण्यावरून तुम्ही पैसे घालणार आहात आणि तो मोबदला ठरू शकतो. पण उद्या दीर म्हणाले, "वहिनींनी घरासाठी खर्च केला, मजला द्यायचं कुठे ठरलं होतं?" तर? सिमेंट-सळईच्या बिलांवरून खर्च सिद्ध होईल, वचन नाही. प्रॉपर्टी कार्डावर नाव सासऱ्यांचंच राहील. मृत्युपत्रावरही विसंबू नका, ते कधीही बदलता येतं.

बंगला त्यांचा स्वकष्टार्जित असेल, तर जागेतला हिस्सा आणि वर बांधायचा हक्क यांचं नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्या. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये, बाकीचे खर्च वेगळे. मात्र या सवलतीत विधवा सून येते, नवरा हयात असलेली सून येत नाही. म्हणजे पैसे तुमचे आणि नाव नवऱ्याचं! हे मला अजिबात पटत नाही. नवऱ्याकडून पत्नीला बक्षीसपत्र केलं तरी हीच सवलत मिळते. म्हणून नवऱ्याच्या नावावर आलेल्या हिश्श्यातला निम्मा भाग लगेच तुमच्या नावावर करून घ्या.

सासरे बक्षीसपत्राला तयार नसतील, तर ही रक्कम त्यांना कर्ज म्हणून द्या: बँकेतून, लेखी, परतीची तारीख घालून. "मागाल तेव्हा परत" असं लिहिलंत, तर दाव्याची तीन वर्षांची मुदत पैसे दिल्या दिवसापासूनच सुरू होते.

सासऱ्यांशी हा विषय तुमच्या नवऱ्यानेच काढावा. दीर आणि नणंद दोघांनाही त्या बैठकीला बोलवा.